तिथीच्या पाऊणपट

राजापेठेतील माझ्या खोलीच्या खिडकीखालून आज पहाटेपासून कापसाच्या बंड्या जात आहेत. चांदूर बाजाराकडून निघालेल्या, एकीमागे एक, बैलांच्या पायांखाली भुसभुशीत धूळ उडवीत. खिडकी मी बंद केली आहे. फटींत जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या कोंबल्या आहेत. तरीही रुईचा एक बारीक तंतू कुठून तरी आत येतो आणि दौतीच्या तोंडावर बसतो. मी तो चिमटीने उचलतो, तोवर दुसरा येतो. मार्गशीर्ष लागला की दरवर्षी असेच होते आणि दरवर्षी मला त्याचा नव्याने संताप येतो. वय झाले म्हणून संताप ओसरेल असे लोक म्हणत. लोकांचे म्हणणे पुराव्याअभावी फेटाळावे लागले.

त्यात परवा येथील एका मासिकाच्या संपादकांचे पत्र आले. आपण एकदा सपत्नीक समुद्रातील एका रम्य व ऐतिहासिक बेटावर राहून आला आहात असे कळते. वऱ्हाडातील वाचकांना समुद्राचे अप्रूप आहे. तेथे पाहण्यासारखे काय, उतरण्याची सोय कशी, हे आपल्या रेखीव शैलीत लिहून पाठवावे. पत्र सभ्य आहे, अक्षर वळणदार आहे. पण ‘रम्य’ हा शब्द त्यांनी कोणाच्या साक्षीवरून घातला? मी तर तो कधी उच्चारला नाही. जिने उच्चारला असता, तिच्या बोलीत तो शब्दच नव्हता. ती त्या जागेला ‘पाण्यातलं गाव’ म्हणत असे. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. ते नकाशात आहे. ज्याला हवे त्याने शोधावे.

मी कोर्टाच्या आवारात अर्जनवीस होतो. दुसऱ्यांची गाऱ्हाणी कायद्याच्या भाषेत बसवून देणे हा माझा धंदा. अकोल्याहून काही स्टेशने पलीकडच्या एका गावी आमचे घर होते, आणि घरामागे सरकी काढण्याची जीन. गावाचे नावही लिहीत नाही, कारण जीनमालकाचे वारस हयात आहेत आणि अब्रूनुकसानीचा कायदा मला पाठ आहे. कार्तिकापासून होळीपर्यंत ती जीन दिवसभर धडधडे आणि तिच्या खिडक्यांतून रुईची पूड आमच्या अंगणावर धुक्यासारखी उतरे. तुळशीवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, झाकलेल्या पाण्यावरही. आणि माझी पत्नी सगुणा त्या चार महिन्यांत खोकत असे. वरूडकडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्याची ती लेक. मोकळ्या मळ्यात वाढलेली, अंगाने काटक. पहिल्या हंगामात आम्ही पडसे म्हणालो. दुसऱ्या हंगामात काही म्हणालो नाही. तिसऱ्या हंगामाच्या तोंडाशी डॉक्टरांनी तिच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकले आणि मला बाहेर नेले.

“कापूस संपेपर्यंत यांना इथून हलवा. समुद्राकाठी न्या. चार महिने.”

मी म्हणालो, “हलायचे कोणी? जो उपद्रव करतो त्याने. मी दोन वर्षे अर्ज करतो आहे. जीनच्या खिडक्यांना जाळी लागलीच पाहिजे.”

“अर्जनवीससाहेब, तुमचे म्हणणे कायद्याला धरून असेल,” डॉक्टर म्हणाले. “पण मी कायद्याचा डॉक्टर नाही.”

आतून सगुणाने ऐकले होते. “जाळी लागतवर मी खोकत राह्यते,” ती म्हणाली. “माह्या खोकल्याचाबी एक अर्ज करा. त्याले म्हणा, मालक घरी नाई, तारखेले ये.”

आम्ही गेलो ते तिच्या या बोलण्याने मला लाज वाटली म्हणून, कायदा पटला म्हणून नव्हे. हे नमूद करून ठेवतो.

आगगाडीने मुंबई, तिथून आगबोट, मग बैलगाडी. किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. कार्तिक वद्य षष्ठी. समोर ओल्या वाळूचा आणि काळ्या कातळाचा एक लांब पट्टा, आणि त्याच्या टोकाला तटबंदी उचलून उभे राहिलेले ते बेट. आम्ही चपला हातात घेऊन चालत गेलो. तटाच्या आत वीस-बावीस कोळ्यांची घरे, देवीचे लहान देऊळ, गोड्या पाण्याचा दगडी तलाव, माडांच्या दोन रांगा, आणि समुद्राकडे तोंड करून गंजत पडलेल्या तोफा. पारू नावाच्या एका विधवा कोळणीने आम्हांला तिच्या घराची ओसरी आणि एक खोली दिली. मी पेटी उघडून कागद लावले. चारच्या सुमाराला सगुणा बाहेर गेली आणि धावत परत आली.

“अहो, रस्ता गेला!”

आम्ही तटावर चढलो. सकाळी ज्या वाळूवरून आलो होतो तिथे हिरवे-करडे पाणी हलत होते. चहूबाजूंनी. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

“पारूमावशी,” सगुणाने विचारले, “पाऊस तं पडला नाई, मंग पाणी काहून चढून राह्यलं?”

पारू हसून खालीच बसली. “पाऊस कशाला लागतो गो बाय? भरती आली. उतरंल तिची ती.”

आमच्या मुलखात पाणी आभाळातून येते आणि नाल्यातून जाते. त्याला वरची बाजू असते, खालची बाजू असते. नाल्याला पूर आला तर गावकरी काठावरच्या दगडावर चंची सोडून बसतात. डोंगराकडचे आभाळ मोकळे झाले की तासाभरात पाणी ओसरते आणि बंड्या पुढे निघतात. वर न पाहता नुसत्या तिथीवर पाणी सांगता येते, ही गोष्ट मला त्या दिवशी गैरकायदेशीर वाटली.

पारूचा नवरा आगबोटीवर खलाशी होता, म्हणून तिचा हिशेब घड्याळाच्या तासांत असे. तिने तो सगुणाला आठ दिवसांत शिकवला. तिथी घ्यायची, तिचे पाऊणपट करायचे; जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण भरते. सहा तासांनी पाणी तळाला. चतुर्थी, तर तीन वाजता भरती, नऊ वाजता वाट मोकळी. अष्टमी, तर सहाला भरती, बाराला वाट. अष्टमीच्या आसपास पाण्याला जोर नसतो, त्याला भांग म्हणायचे. पुनवेला आणि अवसेला उधाण. सगुणाला अक्षर येत नव्हते. पण सारे उपास-तापास तिच्या बोटांच्या पेरांवर होते, आणि आता त्याच पेरांवर तिने समुद्र बसवला. सकाळी उठली की अंगठा पेरांवरून फिरे आणि ती जाहीर करी, “आज साडेदहाले मोकळी.” मी घड्याळ काढून पाही. थोडे इकडे-तिकडे, पण मोकळी झालेली असे.

संपादकमहाशयांनी विचारले आहे की पाहण्यासारखे काय. मी काय पाहिले ते सांगतो. पारूच्या ओसरीवरील एक तिपाई, तिच्यावर माझे कागद. अर्जांच्या नकला, स्मरणपत्रे, स्मरणपत्रांची स्मरणपत्रे. कधी मान वर केलीच, तर मनात प्रश्न येई तो असा, की जी जमीन दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि दोनदा वर येते, ती कोणाच्या नावावर लावायची? समुद्राच्या, की सरकारच्या? हद्दीचा दगड कुठे रोवायचा? यावर मी पानभर टिपण लिहिले होते. समुद्रावर मात्र एक ओळ लिहिली नाही.

पाहिले ते सगुणाने. तिने मला सांगितले म्हणून मला ठाऊक आहे, की संध्याकाळी तटाचे दगड तांबूस होतात आणि पाणी शिशासारखे. की तलावाच्या गोड्या पाण्यात उतरण्यापूर्वी पाणकोंबडी इकडेतिकडे पाहते. की ओठांवर जीभ फिरवली तर भाजीत मीठ कमी चालते. घराच्या मागे तिने वाळूमिश्रित मातीत हातभर वाफा केला आणि लुगड्याच्या गाठीतून आणलेले बी पेरले. “सांभार कसा येत नाई ते पाह्यते,” ती म्हणाली. पारू म्हणाली, “कोथमीर होय? खाऱ्या वाऱ्यात करपंल गो.” तो उगवला. रोज ती तलावाचे पाणी ओंजळीने घाली.

“अहो, या नं बाहीर,” ती ओसरीच्या पायरीवरून म्हणे. “त्या पल्याडच्या बुरजावर जाऊ. मावशी म्हनते तिथून सूर्य पाण्यात जाताना दिसते.”

“एवढा मजकूर होऊ दे.”

“तुमचा मजकूर आन् हा समुद्र, दोघायचाबी अंत नाई.”

पलीकडच्या बुरजावर मी एकदाही गेलो नाही. तो तीनशे पावलांवर होता.

मार्गशीर्ष शुद्ध तृतीयेला मी किनाऱ्यावरच्या टपाल कचेरीत जाऊन आलो होतो. माझ्या रोजनिशीत तेव्हाची नोंद होती: साडेआठ ते दहा, वाट मोकळी. पुढे वद्य प्रतिपदेला एक महत्त्वाचा अर्ज टाकायचा होता. सुनावणीची तारीख जवळची मिळावी, उपद्रवाने पीडित स्त्री प्रत्यक्ष हजर राहून आपली अवस्था दाखवण्यास तयार आहे, असा तो अर्ज. माझ्या आयुष्यातील उत्तम अर्जांपैकी तो एक होता. कोट चढवून साडेआठला निघालो.

सगुणा वाफ्याजवळून उठली. “आज पाडवा हाय. पाऊण वाजता भरते. पावनेसातलेच तळाले गेलतं, आता चढून राह्यलं. नोका जाऊ.”

मी रोजनिशी उघडून तिच्यापुढे धरली. “साडेआठ ते दहा. लेखी नोंद आहे.”

“समुद्रानं सही केली का त्याच्यावर?” ती म्हणाली.

मी गेलो. वाळूवर चार बोटे पाणी होते. मी वर पाहिले, आभाळ निरभ्र होते, म्हणून पुढे चाललो. अर्ध्या वाटेवर पाणी गुडघ्याला लागले. तेव्हा मागे फिरायला हवे होते. पण माझ्या वाडवडिलांनी नाल्याकाठी जे केले तेच मी केले. जवळच्या एका उंच कातळावर चढलो, धोतर पिळले, बसलो, आणि पाणी ओसरण्याची वाट पाहू लागलो. मधूनमधून आभाळाकडे पाहत होतो. पाणी कातळाच्या कमरेला आले, मग खांद्याला. अर्ज मी टोपीखाली ठेवला.

तटावरून हाका आल्या. थोड्या वेळाने पारू होडी वल्हवीत येताना दिसली, आणि होडीच्या पुढच्या टोकाला, पदर खोचून, दोन्ही हातांनी काठ धरून सगुणा बसली होती. जन्मात तलावातसुद्धा न उतरलेली.

“काय करताव तिथं, वकीलबाबा?” पारू ओरडली. मी वकील नाही हे तिला चार वेळा सांगून झाले होते.

“पाणी ओसरण्याची वाट पाहतो आहे.”

“ओसरंल ना! सांजेला सातच्या टायमाला.”

आणि मग सगुणा हसली. “आभायाकडे पाह्यत बसले पाहा, मावशी! पाऊस नाई, मंग पूर कुठचा म्हनून बसले! वरूडच्या नाल्यावर बंडी घेऊन आले जसे!” तिला हसू आवरेना. होडी डोलू लागली तरी ती हसत राहिली, डोळे पुसत राहिली, पुन्हा माझ्याकडे पाहून फुटत राहिली. तेवढे मोठ्याने हसताना मी तिला लग्नानंतर पाहिले नव्हते. मी रागाने लाल झालो होतो. होडीत चढून धोतर पुन्हा पिळू लागलो. आणि मग लक्षात आले, की ती इतका वेळ हसली आणि एकदाही खोकली नाही.

आता पुढचे मी शपथेवर लिहितो आहे. ते लक्षात आल्यावर मला आनंद झाला. पण त्याच्या पाठोपाठ, एका श्वासाच्या अंतराने, मनात आले की बाई अशी बरी झाली तर सुनावणीच्या साहेबाला दाखवायचे काय?

पारूने मला परस्पर किनाऱ्यावर सोडले. अर्ज कोरडा होता. मी तो पेटीत टाकला. एवढे पाणी होते, आणि त्याने नेमका तो कागद भिजवला नाही.

उत्तर पंधरा दिवसांत आले. दोन वर्षे ज्यांनी पोच दिली नाही त्यांनी तारीख दिली: पौषाच्या पहिल्या पंधरवड्यात, अर्जदाराने पीडित व्यक्तीसह हजर राहावे. मी कागद सगुणाला वाचून दाखवला. ती वाफ्याला पाणी घालत होती. सांभार चार बोटे वर आला होता.

“होळीपावतर राहू नं,” ती म्हणाली. “डॉक्टरनं चार महिने सांगतले. दीडच झाला.”

“दहा दिवसांचा प्रश्न आहे. सुनावणी झाली की परत येऊ. जाळी लागली की पुढच्या वर्षी यावेच लागणार नाही.”

“मले इथं यावं वाटते, त्याचं काय?”

मी आवाज चढवला. हक्क, न्याय, गावातील इतर बायकामुले, असे बरेच बोललो. मग ओंजळीतले उरलेले पाणी तिने वाफ्यावर सोडले. “तुमचं काम होत असन तं चाला. माह्या छातीची साक्ष पाह्यजे म्हनता, तं देऊ.”

पौष शुद्ध पंचमीला, सकाळी दहा वाजता, आम्ही वाळूवरून परत निघालो. पारू वेशीपर्यंत आली. तिने सगुणाच्या गालावरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिले नाही. मधल्या त्या कातळाशी सगुणा थांबली. “तुमची गादी,” ती म्हणाली. मागे वळून तिने तटाकडे पाहिले, पुष्कळ वेळ. मी घड्याळ काढले.

सुनावणीच्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. तारीख पुढे गेली. एवढ्यासाठी समुद्रापर्यंत जाऊन परत कोण येणार, म्हणून आम्ही थांबलो. दुसऱ्या तारखेला प्रतिपक्षाच्या वकिलांनी मुदत मागितली आणि ती मिळाली. मागे जीन रात्रंदिवस चालत होती, कारण त्या वर्षी पऱ्हाटी भरपूर फुटली होती. आमच्या घरावर पूड उतरत होती. खोकला चौथ्या दिवशी परतला होता. माघ लागला तेव्हा सगुणा अंथरुणाला लागली. मी चिडलो, आणि चिडलो की मी काय करतो ते एव्हाना वाचकांना कळले असेल. तिच्या खाटेच्या पायथ्याशी बैठक मांडून मी मुदतवाढीविरुद्ध तक्रार लिहिली. वरच्या साहेबाला, त्याच्या वरच्या साहेबाला.

ती फार बोलत नसे. पण रोज सकाळी एक प्रश्न असे. “आज तिथी काय हाय?” मी सांगे. अंगठा पेरांवरून फिरे, आणि ती पुटपुटे, “बाराले,” किंवा “दीडले.” मग डोळे मिटून पडे. मला वाटे, वेळ घालवते आहे.

संपादकांना मी हे का लिहितो आहे? आयुष्यभर मी वर्तमानपत्रांना, कचेऱ्यांना, रेल्वेला चुकांच्या दुरुस्त्या कळवत आलो. अमुक गृहस्थांचे नाव चुकले, तमुक कायद्याचे कलम चुकले, कृपया दुरुस्ती छापावी. माझ्या हातून गेलेल्या एकाही अर्जावर कधी चुकीची तारीख पडली नाही. तिथी आणि तारीख दोन्ही घालायची माझी शिस्त होती आणि कोर्टात तिचा लौकिक होता.

त्या अर्जाचा शेवट सांगतो. चैत्रात निकाल आला. ज्या व्यक्तीस उपद्रव होत असल्याचे म्हणणे होते ती व्यक्ती आता हयात नसल्याने उपद्रवाचे कारण उरलेले नाही. सबब अर्ज निकाली. खाली सही, शिक्का. मी तो कागद इतक्या वेळा वाचला आहे की घडीवर फाटला आहे. त्याविरुद्ध अपील होत नाही. अपील कोणी करायचे?

पण दुरुस्ती त्या निकालाची नाही. ती त्याआधीच्या एका सकाळची आहे. दहा वाजायला आले होते. मी आठ दिवसांपूर्वी पाठवलेल्या तक्रारीची स्वच्छ नक्कल करत होतो. सगुणाने विचारले, “आज तिथी काय हाय?” तिचा आवाज मला नीट ऐकूही आला नाही, तिने पुन्हा विचारले. माझी ओळ अर्धी होती. पुढ्यातल्या कागदाच्या डोक्यावर जी तिथी होती ती मी मान वर न करता वाचून टाकली.

“पंचमी.”

अंगठा हलला असावा. मी पाहिले नाही. पण तिचे बोलणे ऐकले. “पंचमी. आपून निघालो तीच. म्हंजे दहाले.” आणि समाधानाने, “आता मोकळीच असन वाट.”

मी ओळ पुरी केली. मग पुढची. वाक्य संपवून तिच्याकडे पाहिले, तेव्हा माझ्याकडे पाहणारे कोणी नव्हते.

आज पंचांगात चतुर्थी आहे. मी दोनदा पाहून लिहितो. नऊ वाजत आले आहेत. खाली बंड्या थांबलेल्या नाहीत. संपादकांनी माझा मजकूर घ्यावा किंवा न घ्यावा. स्थलवर्णन हवे असल्यास दुसऱ्या कोणाकडून मागवावे. माझी विनंती फक्त पुढील दुरुस्तीपुरती आहे, आणि ती छापली जावी.

त्या दिवशी माघ वद्य पंचमी नव्हती, त्रयोदशी होती. सकाळी दहा वाजता त्या बेटाभोवती भरती पूर्ण भरलेली होती, आणि पाणी तटाला लागले होते.